काजळ्याच्या पानावरचा कांदा

मनुबाईच्या अंगणात कुणी पाऊल टाकले की आधी काजळ्या भुंकायचा, मग मनुबाई. दोघांपैकी भीती कुणाची जास्त वाटायची, असे मी एकदा आईला विचारले. आई म्हणाली, "कुत्रा निदान ओळख पटली की गप्प बसायचा."

माझी आई कोकिळा तेव्हा आळीत नवी सून होती आणि मनुबाई तिची शेजारीण. मधे फक्त शेराचे कुंपण. त्यामुळे मी सांगतो आहे त्यातले बहुतेक आईने डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि उरलेले पुढे मनुबाईनेच तिला सांगितलेले. मनुबाई खोटे बोलत नसे. खोटे बोलायला समोरच्याची थोडी तरी भीड असावी लागते, ती तिला नव्हती.

आमची आळी अलिबागजवळ, कार्ल्याच्या बाजूला. भात कापून झाले की त्याच जमिनीत पांढरा कांदा लावायचा आणि शिमग्याच्या आगेमागे काढायचा. या कांद्याचा आमच्या लोकांना एवढा अभिमान की ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. गोड किती, पातळ सालीचा किती, चिरताना डोळ्यांत पाणी कसे येत नाही. शिवाय तो औषधी. ऊन लागले की कांद्याचा रस, ताप आला की तळपायाला कांदा, पोराचा कान दुखला की कांदा, आणि झोप येत नसेल तर उशाशी कांदा. आमच्या आळीत एखादा वैद्य राहायला आला असता तर उपाशी मेला असता.

मनुबाईचा नवरा कान्हा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला. मूलबाळ नव्हते. दिराने तिला माहेरी जायला सांगून पाहिले, आणि पुन्हा सांगायची त्याची छाती झाली नाही. ती जमिनीचा आपला तुकडा स्वतः कसायची. कांद्याची माळ विणावी तर तिनेच. वाळलेल्या पातीची वेणी घालत एकेक कांदा असा बसवायची की तिची माळ आढ्याला टांगली की दिवाळीपर्यंत एक कांदा गळायचा नाही. अलिबागचे बाजारकरी माळ हातात घेऊन म्हणायचे, "ही मनुबाईची." हे तिला ऐकवले की ती म्हणायची, "मंग काय तुझ्या आयशीची?"

तिचे घर आळीच्या टोकाला होते. मागे डोंगराची झाडी, समोर वावरे. दिवसा जगाला दटावणारी ही बाई अंधार पडला की घाबरायची, हे माझ्या आईखेरीज कुणाला माहीत नव्हते. कोल्हे ओरडले की तिचे हातपाय गार पडत. कोल्ह्यांपेक्षाही माणसांची धास्ती तिला जास्त होती. काजळ्या उंबऱ्यावर आडवा पडून झोपायचा. "तो हाय म्हनून डोळा लागतो गो," ती आईला एकदाच म्हणाली होती. डोळ्यांभोवती काळी कड असलेला तो पिवळट गावठी कुत्रा होता, दुसऱ्या कुणाला त्याचे काही कौतुक वाटण्यासारखे नव्हते. पण मनुबाई आधी त्याचे पान वाढायची आणि मगच स्वतः जेवायची. जे तिच्या पानात तेच त्याच्या पानात. वेगळे, उरलेसुरले, शिळे असे त्याला घालणे तिला पटत नसे.

तेहेतीस साली थंडीत अवकाळी पाऊस पडला आणि कांदा बिघडला. निम्म्या वावरात जोडकांदा निघाला. जोडकांदा म्हणजे एका सालीत दोन कांदे चिकटलेले. त्याची मान जाड राहते, पात नीट वळत नाही, माळेत बसत नाही आणि टिकतही नाही. बाजारात कुणी विचारत नाही. आळीतल्या प्रत्येक अंगणात जोडकांद्याचा ढीग पडला आणि प्रत्येक चुलीवर सकाळ-संध्याकाळ कांदा शिजू लागला. एरवी कांदा विकायचा, म्हणून फोडणीपुरता एखादा घ्यायचा. त्या वर्षी मनुबाई मूठभर सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आणि टोपभर कांदा अशी भाजी करायची. काजळ्याला जवळ्याचा वास फार प्यारा. पान चाटून पुसून लख्ख करायचा, आणि मनुबाई आणखी वाढायची.

शिमगा झाला आणि काजळ्या मलूल झाला. आधी त्याने भुंकणे कमी केले. माझे वडील कुंपणाजवळून गेले तरी नुसता मान वर करून बघायचा. मग उठायला आळस करू लागला. चार पावले चालला की बसायचा आणि जीभ बाहेर काढून धापा टाकायचा.

"ऊन लागलं त्याला," मनुबाई म्हणाली. तिने कांदा ठेचला, फडक्यातून पिळला, गुळाचा खडा घातला आणि काजळ्याचा जबडा उघडून रस ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुत्रा तोंड फिरवायचा, ती दामटून पाजायची. आईने स्वतः त्याचे पाय धरले होते. आई हे सांगताना नेहमी थांबायची.

मग एका सकाळी तो पडवीच्या कडेला मुतला आणि मनुबाई किंचाळली. मूत लालकाळी होती, काताच्या पाण्यासारखी. तिने त्याचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक.

आता मनुबाईला एकच गोष्ट सुचत होती, की कुणीतरी आपल्या कुत्र्याला काहीतरी घातले. ती आळीभर फिरली. येसूबाईने घावनाचे आंबलेले पीठ उकिरड्यावर टाकले होते, तिच्याशी भांडली. कुणी ताडीचे मडके उघडे ठेवले होते, त्याच्याशी भांडली. नामा गाडीवानाने शिमग्याला कोंबडी कापली होती आणि हाडे कुत्र्यांना टाकली होती, त्याच्या तर दारात उभी राहून तिने त्याचे सात पिढ्यांचे पूर्वज काढले.

"कोंबडीचं हाड आतड्यात रुतलं असल त्याच्या! रगत जातंय! तू मारलास त्याला, नामा!"

"अगो मनुकाकी, मी सगळ्याच कुत्र्यांना टाकली. बाकीची नाचत्यात."

"बाकीची मरू देत!"

नामा गरीब स्वभावाचा. त्याने बायकोला आत ढकलले आणि दार लोटून घेतले. मनुबाई बंद दाराशी आणखी थोडा वेळ बोलली.

आळी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता आळीला दुसरीच भीती वाटू लागली. होळीच्या सुमारास पलीकडच्या गावात पिसाळलेल्या कुत्र्याने एक वासरू फाडले होते. वासरू तोंडाला फेस येऊन मेले. तेव्हापासून लोक पोरांना अंगणाबाहेर सोडत नव्हते. आणि आता मनुबाईचा काजळ्या चालताना झोकांड्या खातो, हे सगळ्यांनी पाहिले.

येसाजी आमच्या आळीचा कारभारी. तो चौघांना घेऊन आला. सगळ्यांच्या हातात सोटे होते. कुंपणाच्या आत यायला कुणी धजेना.

"मनुबाय, कुत्रा बाहेर काढ."

"कशाला?"

"कशाला ते तुला ठावं हाय. पोरंबाळं हायत आळीत."

मनुबाई दारात काजळ्याच्या पुढे उभी राहिली. आई सांगायची, तिला त्या दिवशी शिवी आठवली नाही. मग ती म्हणाली, "त्याला ताप हाय. तो पिसाळला न्हाय. येसाजीभाऊ, पाया पडते तुमच्या." मनुबाई पाया पडते म्हणाली याचेच लोकांना इतके नवल वाटले की सोटे जरा खाली आले.

येसाजी वाईट माणूस नव्हता. त्याने विचार केला आणि म्हणाला, "पिसाळलेलं जनावर पान्याला भितं. आमच्यासमोर पानी ठेव. पिला तर ऱ्हाऊ दे. न्हाय पिला तर तू आत जा, आन आमी काय करायचं ते करतो."

तिने मातीच्या परळात पाणी आणले आणि काजळ्यासमोर ठेवले. काजळ्या पुढच्या पायांवर डोके टेकून पडला होता. त्याने पाण्याकडे पाहिले आणि डोळे मिटले. कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणाले, "बघा." मनुबाई त्याच्याजवळ खाली बसली. त्याच्या कानात काहीबाही बोलत राहिली. आईला ते ऐकू आले नाही, पण तिच्या पाठीचा घाम चोळीतून उमटलेला दिसत होता. सगळी आळी एका कुत्र्याच्या जिभेकडे डोळे लावून उभी होती. शेवटी काजळ्याने मान उचलली, परळात तोंड घातले आणि सावकाश, थांबत थांबत, तळ दिसेपर्यंत पाणी पिऊन टाकले.

येसाजी म्हणाला, "बांधून ठेव. आन कुनाच्या अंगावर गेला, तर मंग मी पानी पाजायला येनार न्हाय."

त्या दिवसापासून मनुबाईला घर सोडवेना. वावरात कांदा काढून पडलेला, उन्हात राहिला तर करपणार. पण ती कुंपणापर्यंत जायची आणि परत फिरायची. आपण वावरात गेलो आणि मागे कुणी सोटा घातला तर? मुले दगड मारतील, कुणी पाण्यात काही कालवेल. झोप तर उडालीच होती, कारण उंबऱ्यावरचा राखणदार स्वतःच आडवा पडला होता. तिने दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. रोज त्याला भात-कांदा कालवून भरवायची. तो घासभर खायचा, आणि तो घासभर खाल्ला म्हणून तिला धीर यायचा.

मग तिला बहीण आठवली. धाकटी मैना चौलात दिली होती, दत्ताच्या डोंगराच्या पायथ्याशी. दत्ताच्या पायांशी कुत्री असतात, म्हणून त्या बाजूला कुत्र्यावर कुणी हात उगारत नाही. उलट डोंगर चढणारे लोक कुत्री दिसली की घास टाकतात. तिथे काजळ्याला कुणी मारणार नाही. मेलाच तर देवाच्या दारात मरेल. हे शेवटचे ती आईजवळ बोलली आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

जायला बैलगाडी हवी. आळीत गाडी एकट्या नामाकडे. मनुबाई त्याच्या दाराशी गेली आणि मुकाट उभी राहिली. नामाने तिच्याकडे पाहिले, पेंढा गाडीत पसरला आणि बैल जुंपले. वाटभर ती कुत्र्याच्या बरगड्यांवर हात ठेवून बसली होती. बरगड्या खालीवर होताहेत ना, एवढेच ती बघत होती. नागावच्या वाड्यांमधून सावलीत गाडी चालली होती, माणसे रामराम घालत होती, तिला काही दिसत नव्हते. मधेच ती ओरडायची, "नामा, थांब! थांबला!" नामा बैल ओढायचा, खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, "चाललाय गो श्वास. बस गप."

मैनाच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य. तिचे सासरे चांगदेव यांनी दत्ताला बोललेला नवस, तो सगळे घर पाळत होते. मनुबाईला हे नेहमीच हास्यास्पद वाटायचे. कांद्याशिवाय जेवण म्हणजे काय, गवत खायचे का, असे ती बहिणीला तोंडावर बोलायची. त्या दिवशी मात्र ती काही बोलली नाही. काजळ्याला गोठ्यात पेंढ्यावर ठेवले, मैनाला दहा सूचना केल्या आणि गाडीत बसली. परतताना गाडीत तिला रडू फुटले. नामा पुढे बघत बैलांशी बोलत राहिला.

नंतरचे दिवस तिने कसे काढले ते आईने पाहिले. चौल-रेवदंड्याकडून कुणी आळीत आले की मनुबाई हातातली माळ टाकून उठायची, आणि जवळ गेल्यावर विचारायचे सोडून परत फिरायची. बातमी वाईट असेल तर ती जितकी उशिरा कळेल तितके बरे. आईने तिच्या वतीने विचारायला सुरुवात केली. पहिल्यांदा निरोप आला की आहे तसाच आहे. मग आला की ताक-भात खातो. मग आला की उठून गोठ्याबाहेर येतो. मग एक दिवस सुपारीवाला हसत आला आणि म्हणाला, "तुमचा कुत्रा मला चावायला धावला."

मनुबाई दुसऱ्याच दिवशी त्याला आणायला गेली. काजळ्या तिला पाहून असा अंगावर आला की ती मैनाच्या अंगणात पडली. देवाने ऐकले असे ती म्हणाली, डोंगर चढून नारळ फोडून आली आणि त्याला घरी घेऊन आली. येताना नामा गाडीत गात होता म्हणे.

आल्या आल्या तिने चूल पेटवली. कुत्रा किती दिवस गवत-भातावर राहिला! डबल जवळा घातला, परातभर कांदा चिरला. त्याने पान साफ केले. तिने पुन्हा वाढले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. आईला बोलावून म्हणाली, "बघ, कसा खातो."

आणि मग तो पुन्हा खाली बसला. तीच धाप, त्याच पांढऱ्या हिरड्या, पडवीच्या कडेला तेच लाल पाणी. या वेळी फार झपाट्याने. मनुबाई ओरडलीही नाही. ती त्या लाल डागाशेजारी मटकन बसली. आई धावत गेली आणि म्हणाली, "काकी, पुन्हा चौलाला नेऊ. देवाच्या दारात बरा होतोय तो."

"देव हितं न्हाय काय?" मनुबाई म्हणाली. तिची नजर कुठेच नव्हती. "देव हितं पन हाय. मंग हितं काय हाय, जे तितं न्हाय?"

अंगणभर ती बघत होती. आढ्याला माळा. पडवीत ढीग. ओसरीवर साली. तिच्या हाताला, लुगड्याला वास. मग तिने काजळ्याच्या पानाकडे पाहिले. पानावर सकाळचा भात होता आणि कांद्याच्या फोडी होत्या.

ती उठली. चुलीवरचा टोप उचलला आणि कुंपणापलीकडे भिरकावला. तो माझ्या आजीच्या तुळशीजवळ येऊन पडला. मग दोन्ही हातांनी कपाळ बडवत ती म्हणाली, "मीच गो. मीच घातला. रस पन मीच पाजला. पाय धरून पाजला."

पाय आईने धरले होते. आई तिथेच उभी होती.

मनुबाई तशीच उठून नामाकडे गेली. "तू न्हायस," ती म्हणाली. "मी हाय." एवढेच बोलून परत आली. नामाला अर्थ कळायला संध्याकाळ लागली. तोवर गोष्ट आळीभर झाली होती आणि आळी चिडली होती. कुत्रा पिसाळला म्हणालात तर एकवेळ चालेल, पण आमचा कांदा विष? येसाजी पुन्हा आला, या वेळी सोट्याशिवाय.

"मनुबाय, तोंड आवर. बाजारात हे गेलं तर आळी जेवायची कशी? कांद्यानं कंदी कुनी मेलंय?"

"मानसानं खावा की खुशाल," ती म्हणाली. "मी कुठं न्हाय म्हनतेय? माझ्या कुत्र्याला सोसत न्हाय, येवढंच बोलते. आन आता जा. त्याला झोपू द्या."

कुणाचा विश्वास बसला नाही. तिचा तरी कुठे पुरता बसला होता? जन्मभर ज्याला औषध म्हटले त्याला एका दुपारी विष म्हणायचे. चुकत असेल तर? खरे कारण दुसरेच असेल आणि आपण चौलाला न्यायचे सोडून पेज पाजत बसलो असू तर? पण गाडीचे हिसके सोसण्याइतकेही त्राण आता त्याच्यात नव्हते. तिने सगळे जोडकांदे पाटीने वाहून वावराच्या टोकाला पुरले. पडवी सारवली. स्वतः कांदा सोडला, कारण एका घरात दोन प्रकारचे जेवण तिला मान्य नव्हते. पातळ पेज करायची, त्यात थोडे ताक, कधी उकडलेल्या माशाचा काटे काढलेला तुकडा. बोटाने त्याच्या जिभेला लावायची. ओठ उचलून हिरड्या बघायची, दिवसातून किती वेळा त्याला गणती नाही. आई विचारायची, "काय?" ती नुसती मान हलवायची. एक दिवस त्याने पेजही घेतली नाही. त्या दिवशी तिने आईला सांगितले की खड्डा कुठे काढायचा ते बघून ठेवलेय.

नंतर एका सकाळी आई चुलीपाशी होती आणि कुंपणापलीकडून हंबरडा ऐकू आला. मनुबाई मोठमोठ्याने रडत होती. आईच्या हातातली फुंकणी पडली. आळी धावली. नामा मुंडासे हातात घेऊन आला, येसाजी आला, येसूबाई पदर तोंडाला लावून आली. चार दिवसांपूर्वी भांडलेली माणसे आता सांत्वनाला आली. येसाजीने गंभीर आवाजात सुरुवात केली, "मनुबाय, जनावराचं आयुष्यच येवढं..."

"हितं बघा!" मनुबाई ओरडली. "हितं बघा आधी!"

काजळ्या पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. चारी पाय थरथरत होते, पण उभा होता. आणि खांबाच्या पायथ्याशी नव्या सारवणावर ओल होती. मनुबाई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ती दाखवत होती.

"पिवळी हाय! कोकिळे, बघ, पिवळी! लाल न्हाय! येसाजीभाऊ, तुमी पन बघा!"

मग आळीच्या कारभाऱ्याने, नामाने, येसूबाईने आणि माझ्या आईने, सगळ्यांनी वाकून एका कुत्र्याची मूत नीट पाहिली. कुणी हसले नाही. येसाजी म्हणाला, "व्हय. पिवळी हाय." आणि मनुबाई काजळ्याच्या पायांशी बसून पुन्हा रडायला लागली.